आईच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवरची गाठ: रोबोटने काढायची की साध्या दुर्बिणीने?

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतोय. घरात प्रत्येकाचं मत वेगळं आहे आणि निर्णय माझ्यावर येऊन थांबलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईचं वय ५६. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड आहे. गेली काही वर्षं तिला मधूनच एक विचित्र त्रास व्हायचा. शेडवर वाकून क्रेट उचलला, की एकदम डोकं ठणकायला लागायचं, छातीत धडधड, आणि घाम असा की अंगावरचं लुगडं ओलं व्हायचं. चेहरा पांढराफटक. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं ओसरायचं आणि मग दिवसभर गळून पडून राहायची. पाळी जातानाचा त्रास आहे, टेन्शन घेऊ नका, असंच जो तो सांगायचा. भावकीतल्या एक-दोघींनी तर बाहेरचं काही आहे का बघा म्हणूनही सुचवलं. दवाखान्यात नेईपर्यंत झटका संपलेला असायचा आणि बीपी १४०/९०, म्हणजे एक गोळी चालू ठेवा, मीठ कमी करा.

मग एकदा झटका चालू असतानाच आमच्या आशा वर्कर ताई घरी आल्या होत्या. त्यांनी लगेच मशीन लावलं. २३०/१२०. त्यांनी तो आकडा आणि वेळ चिठ्ठीवर लिहून दिली आणि ही चिठ्ठी सांगलीच्या डॉक्टरांना दाखवाच म्हणाल्या. त्या चिठ्ठीमुळेच पुढचं सगळं झालं. डॉक्टरांनी २४ तासांची लघवी मोठ्या कॅनमध्ये जमा करून मागवली, त्यात मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनलिन मोडून तयार होणारा पदार्थ) खूप वाढलेलं निघालं. सीटीमध्ये उजव्या किडनीच्या डोक्यावर, अ‍ॅड्रिनल ग्रंथीत, ५.२ सेंटीमीटरची गाठ. नाव सांगितलं फिओक्रोमोसायटोमा.

आता प्रश्न. मिरजेतले सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून काढू, तीन-चार भोकं पडतील. पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये दाखवलं तर तिथे रोबोट सुचवला, खर्च लाख-दीड लाखाने जास्त. काका म्हणतात, आईच्या बाबतीत पैशाकडे बघू नको, नवीन ते चांगलंच असणार. आई म्हणते, मला यंत्राच्या हातात देऊ नका, माणसानं करायचं असेल तर करा. यंदा पावसाने बाग खाल्ली, पैसे व्याजाने काढावे लागतील. पण गरज असेल तर काढीन.

दुसरं म्हणजे, गाठ एवढी घातक आहे तर लगेच का काढत नाहीत? प्राझोसिन नावाची गोळी सुरू करून दोन आठवड्यांनी या म्हणाले. आणि वर सांगितलं की आता मीठ आणि पाणी भरपूर घ्या! इतकी वर्षं मीठ तोडा म्हणून सांगत होते. आईचा यावर विश्वासच बसत नाही. ती अजून अळणीच जेवते.

कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालं असेल तर कृपया सांगा.

---

गोडोलीकर

दादा, मी साताऱ्याचा. माझी डाव्या बाजूची अ‍ॅड्रिनल काढली आहे, पण माझा आजार वेगळा होता हे आधीच सांगतो. मला कॉन सिंड्रोम. त्यात गाठ अ‍ॅल्डोस्टेरोन नावाचं हार्मोन जास्त बनवते, बीपी चढतो आणि पोटॅशियम घसरतं. माझं पोटॅशियम २.८ होतं. अजिंक्यताऱ्याचा चढ रोजचा, पण हळूहळू मांड्यांत गोळे येऊन मध्येच बसावं लागायला लागलं. बीपीच्या तीन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा १६०च्या खाली येत नव्हता.

रक्तातलं अ‍ॅल्डोस्टेरोन आणि रेनिन, दोन्ही मोजून त्यांचं प्रमाण काढतात, त्यावरून शंका आली. टेस्टच्या आधी डॉक्टरांनी खोकल्यासाठी चघळत असलेलं ज्येष्ठमध बंद करायला लावलं. ज्येष्ठमधानेही बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. इथे बऱ्याच जणांच्या घरात ते असतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

माझं ऑपरेशन साध्या दुर्बिणीने झालं. रोबोटचा विषय निघाला होता, पण सर्जन म्हणाले दोन सेंटीमीटरची गाठ आहे, यासाठी गरज नाही. दुसऱ्या दिवशी चाललो, दोन-तीन दिवसांत घरी. पोटॅशियमचं औषध कायमचं सुटलं. बीपीची एक गोळी मात्र राहिली आहे. बीपी बरीच वर्षं चढलेला असला की सगळ्यांचा पूर्ण जातोच असं नाही, हे मला आधी स्पष्ट सांगितलेलं होतं, त्यामुळे वाईट वाटलं नाही. आईंना लवकर आराम पडो.

---

विट्याचा_भाचा

माझ्या मामांना अशीच धडधड आणि घाम यायचा. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल दिली, दोन दिवसांत धडधड बंद. दोन आठवडे थांबायचंच असेल तर तेवढ्यात आईंना ती सुरू करून बघा, त्रास तरी कमी होईल. बाकी रोबोटचं मला काही कळत नाही.

---

निवृत्त_थिएटर_सिस्टर

दादा, मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते. आयुष्याची बरीच वर्षं मिरजेत गेली आणि निवृत्तीआधीची शेवटची काही वर्षं पुण्यात, तिथे रोबोट होता. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही. टेबलाशी उभं राहून जे बघितलं ते सांगते.

सगळ्यात आधी विट्याच्या भाच्यांचं. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण हे कुणी करू नका. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या. फिओच्या, म्हणजे फिओक्रोमोसायटोमाच्या, पेशंटला ही गोळी आधी दिली तर जिवावर बेतू शकतं. ही गाठ अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडते. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात त्या अल्फा नावाच्या जागांमधून, आणि थोड्या सैल पडतात त्या बीटा नावाच्या जागांमधून. बीटा आधी बंद केल्या की सैल पडायची वाट जाते, आवळणं तेवढं उरतं. बीपी आकाशाला भिडतो आणि हृदय त्या दाबापुढे हात टेकतं. म्हणून आधी प्राझोसिनसारखी अल्फा बंद करणारी गोळी, ती पुरेशी लागू झाल्यावर काही दिवसांनी गरज असेल तर बीटा, तीसुद्धा डॉक्टर सांगतील तेव्हाच. मामांचा आजार वेगळा असणार.

तुम्ही विचारलंत लगेच का काढत नाहीत. दादा, हे दोन आठवडे म्हणजे वेळकाढूपणा नाही. माझ्या मते या ऑपरेशनचा निम्मा भाग याच दिवसांत, तुमच्या घरी होतो. साधारण एक ते दोन आठवडे अल्फा ब्लॉकर देऊन वाहिन्या सैल करतात. बसलेलं असताना बीपी १३०/८०च्या आसपास किंवा खाली, आणि उभं राहिल्यावर वरचा आकडा ९०च्या वर, असं काहीसं गाठायचं असतं. म्हणून रोज दोनदा बसून आणि उभं राहून बीपी मोजा आणि वहीत लिहा. तुमच्या आशाताईंनी जसं केलं तसंच. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी फार मोठं काम केलंय.

गोळी सुरू झाली की उठताना चक्कर येते. पहिले काही दिवस अंथरुणातून झटकन उठू देऊ नका, आधी कडेला बसवा, मग उभं करा. नाक चोंदल्यासारखं होईल. त्याला घाबरू नका, गोळी लागू पडल्याची ती खूण आहे. पण त्यासाठी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून देऊ नका. तिच्यात नाक मोकळं करणारं जे औषध असतं, ते नेमकं वाहिन्या आवळतं.

आता मीठ. आईंना समजावून सांगा. इतकी वर्षं वाहिन्या आवळलेल्या राहिल्या, म्हणून शरीरातलं रक्ताचं पाणीही तेवढंच कमी झालं. आता गोळीने वाहिन्या रुंद होतायत. तुमच्या बागेत ठिबकच्या नळ्या एकदम मोठ्या घातल्या आणि मोटारीचं पाणी तेवढंच ठेवलं, तर शेवटच्या वेलीपर्यंत दाब पोचेल का? नाही ना? मीठ आणि पाण्याने ते रक्त भरून काढायचं. ते न भरता ऑपरेशनला घेतलं, तर गाठ निघाल्याक्षणी बीपी असा कोसळतो की सावरता सावरता सगळ्यांची तारांबळ उडते. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर हिशोब वेगळा, म्हणून किती मीठ ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण त्यांनी खा म्हटलंय तर आईंनी खायलाच हवं. भाकरीबरोबर ताकात मीठ घालून द्या, लोणचं द्या, जिभेला बरं वाटेल.

आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून फाइलवर चिकटवा: "फिओक्रोमोसायटोमाचा पेशंट". मध्येच उलट्या झाल्या, गावातल्या दवाखान्यात नेलं, तर पेरिनॉर्मचं इंजेक्शन अगदी सहज देतात. मेटोक्लोप्रामाइड म्हणतात त्याला. या गाठीत त्याने भयंकर झटका येऊ शकतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शननेही येऊ शकतो. कुणीही सुई काढली की आधी फाइल पुढे करायची.

आता रोबोट. आईंची भीती मला कळते, पुण्यात पेशंटच्या नातेवाईकांच्या चेहऱ्यावर ती मी नेहमी बघितलीय. त्यांना सांगा, ते यंत्र आपल्या मनाने सुईच्या टोकाएवढंही हलत नाही. सर्जन त्याच खोलीत, टेबलापासून काही फुटांवर एका कन्सोलवर बसतात, कपाळ टेकवून आत बघतात, बोटांत दोन कड्या अडकवलेल्या असतात आणि पायांखाली पेडल. पेडल नीट कळावं म्हणून कितीतरी सर्जन चपला काढून बसायचे. त्यांनी बोट वळवलं तर आत हत्याराचं टोक वळतं. त्यांनी डोकं काचेतून बाहेर काढलं की सगळे हात जागच्या जागी थांबतात. आणि पेशंटशेजारी एक सर्जन, एक सिस्टर सतत उभ्या असतात. आईंना करणार आहे तो माणूसच, दोन्हीकडे.

फायदा काय? चित्र मोठं आणि खोली दाखवणारं दिसतं. हत्याराला मनगट असतं, साध्या दुर्बिणीचं हत्यार सरळसोट असतं. हाताचा बारीक कंप गाळला जातो. तोटा म्हणजे बहुतेक यंत्रांत सर्जनच्या बोटाला आतल्या मांसाचा स्पर्श कळत नाही, डोळ्यांनी ताण ओळखावा लागतो. यंत्र प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून टेबलाशी आणून जोडायला वेळ लागतो. आणि खर्च.

अ‍ॅड्रिनल दुर्बिणीतून काढायला सुरुवात झाली ती १९९२ साली, कॅनडात, गॅन्ये नावाच्या सर्जनांनी. त्याआधी बरगडीखाली हातभर चीर असायची. मोठी उडी ती होती. चिरेवरून भोकांवर आलो. रोबोटची भोकंही तशीच, साधारण आठ मिलिमीटरची. अमेरिकेत दा विंची यंत्राला परवानगी मिळाली २००० साली आणि तेव्हापासून दोन्ही पद्धतींची पुष्कळ तुलना झाली. रक्तस्राव थोडा कमी, मुक्काम थोडा कमी, असं काही ठिकाणी रोबोटच्या बाजूने दिसलं, पण नेहमीच्या गाठीसाठी पेशंटच्या जिवाच्या किंवा गुंतागुंतीच्या हिशोबात फार फरक पडला नाही. रोबोट कामाला येतो तो गाठ फार मोठी असेल, पेशंट खूप स्थूल असेल, पोटाची आधी ऑपरेशनं होऊन सगळं चिकटलेलं असेल, किंवा ग्रंथीचा थोडा भाग वाचवून बाकीचा काढायचा असेल तेव्हा. दोन्ही बाजूंना गाठी असणाऱ्यांत भाग वाचवणं फार मोलाचं, कारण दोन्ही ग्रंथी पूर्ण गेल्या तर जन्मभर हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्यांवर राहावं लागतं. तुमच्या आईंची डावी शाबूत आहे, म्हणजे तो प्रश्न नाही.

पण उजवी बाजू आहे हे लक्षात घ्या. डाव्या ग्रंथीची शीर लांब असते आणि किडनीच्या शिरेला जाऊन मिळते. उजवीची शीर आखूड, जेमतेम एखादा सेंटीमीटर, कधी त्याहून कमी, आणि ती थेट पोटातल्या सगळ्यात मोठ्या नीलेत उघडते. यकृत वर उचलून धरायचं, तिथवर पोचायचं आणि ती शीर न फाडता क्लिप लावायची. तिथे चूक झाली तर रक्त कळशीने येतं. म्हणून आमच्याकडे पोट उघडायची ट्रे मोजून तयार असायची, आणि रोबोट असला तर केस सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असायचं की वेळ आली तर कुठला हात कुणी सोडवायचा आणि यंत्र मागे कुणी ओढायचं.

मला या ऑपरेशनमधला एक क्षण नेहमी आठवतो. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घातलेली असते, त्यामुळे पडद्यावर प्रत्येक ठोक्याचा बीपी दिसतो. हत्याराचं टोक गाठीला नुसतं टेकलं की आकडा चढायला लागतो. १४०, १७०, २००. भूलतज्ज्ञ म्हणतात, "थांबा." सर्जन हात मागे घेतात. औषध जातं, आकडा उतरतो, "हं, करा." असं कितीदा तरी. मग शीर मोकळी होते. सर्जन मोठ्याने सांगतात, "क्लिप लावतोय." भूलतज्ज्ञ बीपी उतरवणारं औषध बंद करतात, सलाइन वाढवतात, बीपी चढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनची सिरिंज जोडून ठेवतात. क्लिप बसते, आणि आतापर्यंत चढणारा आकडा घसरायला लागतो. तेव्हा थिएटरमधलं कुणी सर्जनकडे बघत नाही, सगळे भूलतज्ज्ञांकडे बघतात. गाठ पिशवीत घालून एका भोकाजवळ थोडी चीर वाढवून बाहेर काढतात, ते त्यामानाने सोपं.

म्हणून दादा, तुम्ही यंत्राचं विचारताय, मी सांगेन माणसांचं विचारा. दोन्हीकडे जा आणि संकोच न करता विचारा: तुम्ही स्वतः वर्षाला किती अ‍ॅड्रिनल काढता? अमेरिकेतल्या एका पाहणीत वर्षाला सहा किंवा जास्त करणाऱ्या सर्जनच्या हाती गुंतागुंत कमी दिसली होती. सहा हा आकडा लहान वाटतो, पण ही ऑपरेशनं मुळात कमी असतात, किडनीच्या खड्यासारखी रोज नसतात. त्यात उजव्या किती, फिओच्या किती? भूलतज्ज्ञ कोण आणि त्यांनी फिओची केस हाताळलीय का? हार्मोनचे डॉक्टर आहेत का, रात्री आयसीयूत कोण असतं? ऑपरेशननंतर साखर अचानक उतरू शकते, ती तासातासाला बघणारं कुणी आहे का? ज्यांची उत्तरं ठाम आणि सरळ येतील, तिथे ऑपरेशन करा, मग हातात रोबोट असो वा साधी दुर्बीण. निव्वळ यंत्रासाठी व्याजाने पैसे काढू नका.

---

विश्रामबाग_विमा

सिस्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली, मी पैशाची सांगतो. विमा असेल तर पॉलिसीत "आधुनिक उपचार" हा भाग काढून वाचा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०१९ साली रोबोटिक सर्जरी त्या यादीत घातली आणि कंपनीला ती सरसकट नाकारता येत नाही. पण त्यावर वेगळी मर्यादा घालता येते, आणि खरी मेख तिथेच आहे. पाच लाखांची पॉलिसी असूनही रोबोटसाठी मर्यादा कमी असू शकते. हॉस्पिटलकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, त्यात रोबोटचा खर्च वेगळा दाखवायला सांगा आणि पूर्वमंजुरीतला आकडा हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

विमा नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन त्यालाच विचारा की हे ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं आणि त्या हॉस्पिटलला ते मंजूर आहे का. बाहेरच्या कुणाला मध्ये घालू नका.

---

बेदाणा_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. डोकं बाहेर काढलं की यंत्र थांबतं, हे तिने परत एकदा वाचायला लावलं. ठिबकचं तर तिला लगेच पटलं. त्या दिवसापासून ताकात मीठ घालून घेते. नाक चोंदलंय, पण झटके जवळपास थांबलेत. वही चालू आहे.

विट्याच्या भावा, राग मानू नकोस. तू लिहिलंस म्हणून आम्हाला ते कळलं. घरात जुन्या कप्प्यात वडिलांची अ‍ॅटेनोलॉलची पाकिटं पडली होती, ती आईच्या हाताला लागू नयेत म्हणून काढून टाकली.

दोन्हीकडे जाऊन तुमचे प्रश्न विचारले. मिरजेचे सर्जन फार सज्जन निघाले. म्हणाले, दुर्बिणीची किडनीची कामं मी रोज करतो, पण अ‍ॅड्रिनल वर्षातून एक-दोनच येतात आणि उजवी फिओ मी कमी केलीय, तुमच्या मनात असेल तर पुण्याला जा, मी पत्र देतो. पुण्यात हार्मोनचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ तिघांनी एकत्र बसून आईची फाइल बघितली. भूलतज्ज्ञ मॅडमनी वही मागून घेतली आणि एकेक आकडा वाचला. मग मी सर्जनना सरळ विचारलं, साध्या दुर्बिणीने कराल का? ते म्हणाले, मी दोन्ही करतो, आई सडपातळ आहेत, आधी पोटाचं ऑपरेशन नाही, पाच सेंटीमीटरला दुर्बीण पुरते. रोबोट सुचवला होता तो ओपीडीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी. म्हणजे माणसं पुण्याची आणि पद्धत मिरजेची, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात तारीख आहे. काकाही आता गप्प आहेत. भूलतज्ज्ञ मॅडमशी तेच जास्त वेळ बोलत होते.

आईने तुम्हाला दोन प्रश्न विचारायला सांगितलेत. शेडवर परत कधी जाता येईल? आणि हे परत होणार नाही ना?

---

निवृत्त_थिएटर_सिस्टर

छान ठरवलंत. आणि मिरजेच्या त्या सर्जनना विसरू नका, नंतरच्या तपासण्यांसाठी ते आणि तुमचे सांगलीचे डॉक्टरच जवळचे.

आईंना सांगा, दुसऱ्या दिवशी त्यांना चालवतील. खांदा दुखला तर घाबरू नका, पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात त्याने दुखतो, दोन दिवसांत जातो. शेडवर जाऊन खुर्चीत बसून बेदाणा निवडायला लवकरच जाता येईल, पण क्रेट उचलणं महिना-दीड महिना नाही. सर्जन सांगतील त्याआधी तर नाहीच.

परत होण्याचं विचारलंय तर खरं ते सांगते. बहुतेकांची गाठ निघाली की आजार संपतो, पण थोड्या जणांत काही वर्षांनीही पुन्हा उद्भवतो. म्हणून ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी मेटानेफ्रिन परत तपासतात आणि पुढे दरवर्षी, बीपी अगदी छान असला तरी. हे चुकवू नका. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि सीटीची सीडी दोन्ही जपून ठेवा, दहा वर्षांनीही कुणीतरी मागेल.

आणि दादा, हे तुमच्यासाठी. फिओ असलेल्या साधारण तीनात एकाला ती जनुकातून आलेली असते. आईंची जनुकीय तपासणी करायची का, हे हार्मोनच्या डॉक्टरांना याच भेटीत विचारा. आईंमध्ये काही सापडलं तर तुमची, भावंडांची आणि मावशी-मामांचीही रक्ततपासणी लागेल. मामांकडे कुणाचा बीपी तरुणपणीच चढला होता का, कुणी ऑपरेशनच्या टेबलावर किंवा बाळंतपणात अचानक गेलं होतं का, हे आईंना आत्ताच विचारून लिहून ठेवा. भुलीच्या डॉक्टर हा प्रश्न विचारतील, तेव्हा ऐनवेळी आठवत नाही.

---

बेदाणा_तासगाव

सिस्टर, विचारलं. आईचे एक मामा चाळिशीत अपेंडिक्सच्या ऑपरेशनला गेले होते, ते परत आले नाहीत. भूल सोसली नाही एवढंच घरात सांगतात. मॅडमना आत्ताच फोन करून कळवलं. त्यांनी ते फाइलवर लिहून घेतलं आणि जनुकीय तपासणीचं रक्त ॲडमिशनच्या दिवशीच घेऊ म्हणाल्या. आम्हा दोघा भावांना बीपी मोजून यायला सांगितलंय. उद्या सकाळी आशाताईंकडे जातोय.